नंबर कुणाचा आहे?

लालबाग मार्केटमागची एक चाळ अजून टॉवरवाल्यांच्या घशात जायची राहिली आहे. तिच्या तळमजल्यावर, मसाल्याच्या गिरणीला लागून, सुभद्राबाईंचा शिवणक्लास. मिरचीचा खकाणा थेट खोलीत येतो. नव्या मुली शिंकून शिंकून हैराण होतात, आणि बाई म्हणतात, "शिंका गो शिंका, डोकं साफ होतं." मिल बंद पडून नवरा घरी बसला तेव्हा बाईंनी एक मशीन घेऊन हा क्लास घातला. नवरा गेला, क्लास राहिला. शिवणाच्या सरकारी परीक्षेला बाईंच्या क्लासची मुलगी बसली की पास होणारच, असं अख्ख्या गिरणगावात बोललं जायचं, आणि ते बाईंना पक्कं ठाऊक होतं. थोडा माजही होता म्हणा ना. असू दे. माणसाला एवढा माज शोभतो.

पण अलीकडे बाईंचं डोकं एकाच गोष्टीने फिरत असे. पोर्टल! त्या शब्दाआधी 'मेलं' लावल्याशिवाय त्यांच्या तोंडून तो निघतच नसे.

आधीचा कारभार कसा साधा होता बघा. फॉर्मांचा गठ्ठा बाईच घेऊन यायच्या, बाईच भरायच्या, फोटो खळीने चिकटवायच्या आणि पत्ता घालायच्या तो क्लासचा. हॉलतिकिटं क्लासवर, निकाल क्लासवर, प्रमाणपत्रंही क्लासवर. त्यामुळे व्हायचं काय, की जिला घरी सांगायची सोय नाही तीसुद्धा गुपचूप परीक्षा देऊन मोकळी. "बाईंकडे फॉल-पिकोच्या कामाला जाते," एवढं सांगितलं की सासू खूश, नवरा खूश. अशा कितीतरी जणींना बाईंनी पदराखाली घेऊन पास केलं होतं. त्या याला फसवणूक म्हणत नसत. "अस्तर म्हणतात याला," असं त्यांचं म्हणणं. "आत असतं, दिसत नाही, पण कपडा त्याच्यावर उभा असतो."

आणि आता म्हणे क्लासची नोंदणी ऑनलाइन, प्रत्येक मुलीची नोंदणी ऑनलाइन, आधार कार्डाला जो मोबाइल जोडलेला असेल त्यावर ओटीपी, आणि तो घातल्याशिवाय परीक्षा नाही. का, तर म्हणे खोट्या क्लासांचे, खोट्या प्रमाणपत्रांचे धंदे बंद व्हावेत. ते बरोबरच आहे. कोण चूक म्हणतंय?

नोंदणीच्या दिवशी कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला वैभव लॅपटॉप घेऊन क्लासमध्ये येऊन बसला. बाई त्याच्या शेजारी खुर्चीत, आणि समोर बाया-मुली आधार कार्डं घेऊन रांगेत.

"नंबर कुणाचा आहे?" बाई विचारायच्या.

"ह्यांचा."

"तुझा?"

"ह्यांचाच, बाई."

"आणि तुझा गो?"

"दिराचा."

"नवऱ्याचा समजू शकते. दिराचा कशाला?"

"त्याचाच रिचार्ज चालू असतो ना, बाई!"

क्लास हसून हसून लोळला. बाईसुद्धा हसल्या. वैभवनेही हसून घेतलं. नवऱ्यांना फोन लागले, ओटीपी आले, कुणी कुरकुरलं, कुणी गंमत केली, नोंदण्या झाल्या. हसली नाही ती एक प्राची. ती रांगेत शेवटी उभी होती आणि तिची पाळी आली तशी म्हणाली, "माझं राहू दे, बाई. मी नाही बसत परीक्षेला."

बाई खुर्चीतून उठल्याच. कारण प्राचीला ही परीक्षा कशासाठी हवी होती ते तिला आणि बाईंनाच माहीत होतं.

प्राची शेजारच्याच गल्लीतली, विनीतची बायको. विनीत म्हणजे गल्लीचा लाडका. म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेणार, मंडळाच्या कामात पुढे, बोलणं असं मऊ की लोणी. घरीही तो ओरडत नसे. शेजारणीने कधी त्याचा आवाज ऐकला नव्हता. प्राचीला फोन दिलेला नव्हता, "कशाला लागतो, मी आहे ना," म्हणून. भाजीला गेली तर किती वेळ लागला ते तो हसत हसत विचारायचा. बाकीचं बाईंना कळलं ते मापं घेताना. क्लासमध्ये मुली एकमेकींची मापं घेऊन शिकतात. छाती, कंबर, मुंडा, बाहीचा घेर. प्राची नेहमी म्हणायची, "माझं नको, दुसरीचं घ्या." एक दिवस बाईंनी जबरदस्तीने टेप घेतली आणि तिची बाही वर सरकवली. दंडावर चार बोटं आणि एक अंगठा, जांभळे, नीट उमटलेले. दुसऱ्या दंडावर तेच, पण जुने, पिवळे पडलेले.

बाईंनी बाही खाली केली आणि मोठ्याने म्हणाल्या, "घेर साडेदहा." बाकीच्या मुलींनी लिहून घेतलं.

त्यानंतर बाईंनीच जुळवाजुळव केली. त्यांची जुनी विद्यार्थिनी शांता नाशिकला मुलींच्या वसतिगृहात कामाला होती. तिथे शिवण शिकवायला बाई हवी होती. राहायला खोली मिळणार, प्राचीच्या लेकीला, श्रेयाला, तिथल्याच शाळेत पहिलीत घेणार. शांताने एकच अट सांगितली होती. सरकारी प्रमाणपत्र पाहिजे, त्याशिवाय संस्था ठेवून घेणार नाही. प्राचीचा हात तर असा बसला होता की पास होण्यात प्रश्नच नव्हता. म्हणजे प्रमाणपत्र हातात, लेकीचा हात हातात, आणि एक दिवस फॉल-पिकोला म्हणून निघायचं ते थेट नाशिक. एवढं सरळ होतं सगळं.

आणि तिचं आधार विनीतच्या नंबराला जोडलेलं.

"दुसरा नंबर जोडता येतो ना रे?" बाईंनी वैभवला विचारलं.

"येतो की. केंद्रावर जाऊन अंगठा द्यायचा. पण वेळ लागतो, आणि आपली मुदत उद्यापर्यंतच आहे. आणि बाई—"

"बस झालं. मी बघते."

इथेच घात झाला. ज्या बाईने अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या घरातली गुपितं अस्तरासारखी शिवली, तिला वाटलं हेही एक तसंच. एक छोटं खोटं, एक टाका, संपला विषय. बाईंनी सरळ विनीतला फोन लावला.

"विनीत, अरे सुभद्राबाई बोलतेय. रेशनकार्डाची केवायसी करून घेतेय सगळ्यांची. प्राची आलीच आहे फॉल लावायला, म्हटलं तिचीही उरकते. तुला एक नंबर येईल बघ, तेवढा सांग."

"रेशनचं का? बरं झालं, बाई, माझंच राहिलं होतं." मग हसला. "ओटीपी कुणाला देऊ नका म्हणतात. पण तुम्ही म्हणजे आईच्या जागी. घ्या लिहून."

त्याने नंबर सांगितला. वैभवने घातला. पडद्यावर हिरवी खूण आली.

बाईंनी टाळी वाजवली! एवढ्याशा यशाने म्हातारी अशी खुलली की स्वतःच चहा टाकायला उठली. "बघ," प्राचीला म्हणाल्या, "मेलं पोर्टल असो की त्याचा बाप असो." प्राचीच्या चेहऱ्यावरही कितीतरी दिवसांनी रंग आला. वैभव मात्र लॅपटॉप मिटता मिटता पुटपुटला, "बाई, एक सांगायचं होतं, पुढचे मेसेज—"

"अरे चहा घे आधी."

त्याने चहा घेतला. दुकानावर गिऱ्हाईक खोळंबलं होतं, तो निघून गेला. खरं सांगायचं तर त्यालाही कुठे ठाऊक होतं की या एका नंबरावर काय टांगलेलं आहे! बाईंच्या डोक्यात हिशोब जुनाच होता. फॉर्म गेला, आता हॉलतिकीट येईल ते क्लासवर. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, आणि त्यांनी कुणाला सांगू दिलं नव्हतं, की पोर्टल जे काही बोलतं ते त्या नंबराशीच बोलतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पुढे प्राची रोज आली. परीक्षेला बाळाचं झबलं आणि बायकांचा ब्लाउज कापून शिवायचा असतो. तिने ते इतक्यांदा शिवलं की बाई म्हणाल्या, पुरे कर, सगळ्या लालबागच्या पोरांना झबली झाली. मग एक दिवस ती आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बाईंना वाटलं, घरी पाहुणे असतील.

त्याच संध्याकाळी विनीत क्लासच्या दारात उभा राहिला. चपला बाहेर काढून आत आला. हातात प्लास्टिकच्या पाकिटात घातलेला एक कागद.

"बाई, हॉलतिकीट आलं प्राचीचं. माझ्या मोबाइलवर मेसेज आला, लिंक होती, म्हटलं प्रिंट काढून आणावी. केंद्र दादरला आहे."

बाईंच्या हातातलं कापड तसंच राहिलं. मशीनवर बसलेल्या दोघी मुली माना खाली घालून शिवत राहिल्या.

"रेशनचं काय झालं, बाई?" त्याने विचारलं. अगदी साधा प्रश्न. हसून.

 बाई हातातल्या कापडाची घडी घालू लागल्या.

"मला आधी सांगितलं असतंत तर मीच फॉर्म भरला असता. मी कुठे नाही म्हणतो? बायको शिकली तर वाईट वाटेल का मला? लपवलंत, एवढंच जरा मनाला लागलं."

"प्राची कुठाय?"

"ताप आहे जरा. परीक्षेला आणतो ना मी. मी स्वतः आणून सोडतो." वाकून नमस्कार करून तो निघाला.

आता लाज वाटते सांगायला, पण क्षणभर बाईंना हायसं वाटलं. म्हणजे बोलला तर चांगलंच की! परीक्षेला सोडतो म्हणाला. नाशिकचं नाव निघालं नाही, म्हणजे ते त्याला ठाऊक नाही. माणूस बुडताना काय काय धरतो बघा. मग रात्रीचा स्वयंपाक तसाच ठेवून त्या त्याच्या घरी गेल्या. दार सासूने उघडलं, तेही अर्धंच. "झोपलीय," म्हणाली. आत टीव्ही चालू होता, श्रेयाचा आवाज येत होता. "उठव की जरा," बाई म्हणाल्या. "आत्ताच डोळा लागलाय, गोळी घेतलीय," असं म्हणत सासूने दार लावून घेतलं. बाई जिन्यात उभ्या राहिल्या. दार धडाधडा वाजवावं, अख्खी चाळ गोळा करावी, असं फार वाटलं त्यांना. आणि मग वाटलं, परीक्षा तोंडावर आहे, उगाच काही बिघडायला नको. त्या घरी आल्या.

परीक्षेचं केंद्र दादरला, स्टेशनपासून जवळच्या एका शाळेत. बाई सगळ्यांच्या आधी जाऊन फाटकात उभ्या. एकेक मुलगी आली, पाया पडून आत गेली. प्राचीचा पत्ता नाही. बाईंचे डोळे रस्त्याला लागलेले. मग विनीतची स्कूटर आली. पुढे उभी श्रेया, डोक्याला नवा हेअरबँड, आणि मागे प्राची.

उजवा हात प्लॅस्टरमध्ये. मनगटापासून कोपरापर्यंत पांढराफटक, गळ्यात झोळी. बोटांची टोकं बाहेर, सुजलेली.

बाई फाटकातून पुढे झाल्या.

"जिन्यावरून पडली, बाई," विनीत स्टँड लावत म्हणाला. "जिन्यात दिवा नाही, कितीदा सांगितलं कमिटीला. मी म्हटलं, राहू दे परीक्षा. पण हिची जिद्द! म्हणाली बसणारच. मग आणलं. मी कुठे नाही म्हणतो?"

"मेल्या—" बाईंच्या तोंडून निघालं, आणि प्राचीने डाव्या हाताने त्यांचा पदर धरला. घट्ट. तशीच त्यांना ओढत ती आत घेऊन गेली.

व्हरांड्यात आल्यावर बाईंनी तिला भिंतीशी उभं केलं. "चल. इथून पोलीस चौकी जवळ आहे. आत्ता चल. मी आहे."

"बाई, श्रेया त्याच्याकडे आहे."

"पोलिसांसमोर काय करणार तो?"

"काही नाही करणार. त्यांच्याशी गोडच बोलेल. तुम्हाला माहीत नाही का तो कसा बोलतो? संध्याकाळी आम्हाला घरी घेऊन जाईल." तिचा आवाज अगदी सपाट होता. "नाशिकचं माहीत नाही त्याला. मी बोलले नाही. कितीही... तरी बोलले नाही. तेवढं एकच राहिलंय, बाई. मला बसू द्या."

"कशाने शिवणार गो तू? कशाने?"

प्राची वर्गाकडे वळली.

वर्गात परीक्षक बाई होत्या, चष्मेवाल्या, वागायला बऱ्या. समोर टॅबलेट. प्रत्येकीचा चेहरा त्यात दाखवून हजेरी लागत होती. प्राचीचा हात बघून त्यांनी टॅबलेट खाली ठेवला. आधी प्राचीकडे बघितलं, मग खिडकीतून फाटकाकडे. काही काही बायकांना सांगावं लागत नाही.

"काय झालं हाताला?"

"जिन्यावरून पडले."

"खरं सांगा. घाबरू नका." त्यांनी आवाज खाली आणला. "इथे शेरा लिहावा लागतो मला. तुम्ही वेगळं काही सांगितलंत तर मी वर कळवीन, पोलिसांनाही कळवावं लागेल. मग आजची परीक्षा राहील, पण ते बघू. अपघात असेल तर तसं लिहिते, आणि तुम्ही बसू शकता. लिहिणारी मी, पण क्लासच्या बाईंचाही जबाब लागतो." त्या सुभद्राबाईंकडे वळल्या. "तुम्ही ओळखता ना हिला? तुम्ही सांगा, काय झालं?"

सांगायचं होतं हो. सगळं सांगायचं होतं. दंडावरची बोटं, अर्धवट उघडलेलं दार, आणि तो ओटीपी, जो त्यांनी स्वतः खोटं बोलून मागितला होता. बाईंनी तोंड उघडलं. खिडकीबाहेर विनीतने श्रेयाला स्कूटरच्या सीटवर उभं केलं होतं आणि ती आईला शोधत हात हलवत होती. प्राची बाईंकडे बघत होती. डोळे कोरडे ठक्क. तिने नको म्हणून मान हलवली, इतकी थोडी की परीक्षक बाईंना दिसलीही नसेल.

"पडली," सुभद्राबाई म्हणाल्या. "जिन्यावरून पडली."

 परीक्षक बाईंनी टॅबलेटवर बोट टेकवलं, सुभद्राबाईंची सही बोटानेच घेतली आणि म्हणाल्या, "बसा मग."

क्लासच्या बाईंना आत थांबायची परवानगी नव्हती. पण दारातून निघता निघता त्यांनी पाहिलं. प्राचीने कापड पसरलं. प्लॅस्टरच्या वजनाखाली एक कड दाबून धरली, डाव्या हाताने खडूच्या रेषा आखल्या. वाकड्या, पण आखल्या. मग कात्री घेतली. उजव्या हाताची कात्री डाव्या हातात धरली की कापड कापत नाही, पात्यांमध्ये दुमडतं, हे शिवणाऱ्या प्रत्येकीला माहीत असतं. प्राचीलाही माहीत होतं. कापड दुमडलं. तिने ते सरळ केलं, पुन्हा कात्री लावली. पुन्हा दुमडलं. आजूबाजूला मशिनं सुरू झाली होती.

बाई बाहेर आल्या.  झाडाखालच्या पारावर जाऊन बसल्या. नापास होणार पोरगी. पुढच्या वेळी बसायचं तर पुन्हा नोंदणी, पुन्हा तोच नंबर. नाशिकची जागा तोवर थांबणार नाही, शांता कशी थांबवेल? आणि आता सरकारी दप्तरात बाईंच्या सहीने लिहिलं गेलं होतं की विनीतने काही केलेलं नाही. उद्या खरंच पोलिसांत जायची वेळ आली तर तो हाच शेरा पुढे करील. त्यांना स्वतःचा इतका संताप आला की हातातली पर्स त्यांनी पारावर आपटली.

"बाई, पाणी आणू का?" विनीत समोर उभा होता, श्रेयाचं बोट धरून. "ऊन किती आहे. आत काय म्हणाले? बसू दिलं ना?"

बाई आपटलेली पर्स उचलून झाडू लागल्या.

"दिलं असणार," तो म्हणाला. "तुम्ही असताना काळजी नाही." मग श्रेयाच्या खांद्यावर हात ठेवून, लाडाने, "आजीला सांग, आईच्या हाताला काय झालं?"

श्रेया सरळ उभी राहिली. शाळेत कविता म्हणताना मुलं हात मागे बांधून उभी राहतात, तशी.

"आई जिन्यावरून पडली. जिन्यात दिवा नव्हता. मी झोपले होते."

"शाब्बास," विनीत म्हणाला.

पोरीने बाईंकडे बघितलं. बरोबर आलं की नाही, ते तिला बाईंच्या तोंडून ऐकायचं होतं. विनीतही बघत होता, हसत, थांबून. बाईंना कळलं की दोघंही उत्तराची वाट बघतायत आणि उत्तर दिल्याशिवाय ही पोरगी हलणारसुद्धा नाही.

"हो गो बाय," सुभद्राबाई म्हणाल्या. "पडली."